वारा पडण्याची वाट

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक हाती घेतली, तर वाऱ्याची फिकीर करावी लागत नाही. फुगा चार पावलांवर असतो. छर्रा चुकला तर दोष नेम धरणाऱ्याचा किंवा, दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणायचे तर, नळीचा! पण तोच छर्रा ५० मीटरांवर पाठवू लागलात, की तिसरा एक भागीदार मध्ये येतो. तो दिसत नाही, म्हणून माणूस सारा दोष स्वतःच्या हाताला देतो.

माझ्या पुतणीचे तसेच झाले. ती डोंबिवलीला बंद दालनात १० मीटरांवर एअर रायफल चालवते. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ साली आला. त्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. पण तिचा हात तिथे छान बसला होता. पुढे ५० मीटरांची रायफल घ्यायची, हे तिचे स्वप्न. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे, दोघेही याच अंतराचे मानकरी.

गेल्या दिवाळीत शहापूर-मुरबाड रस्त्यालगतच्या आमच्या शेतावर तिने मातीच्या उंच बांधाला कागद लावला आणि ५० मीटर मोजले. सकाळी छर्रे वाटीएवढ्या जागेत पडले. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि सगळे चार बोटे उजवीकडे! "काका, माझा हातच गेला," म्हणून तिने बंदूक पिशवीत घातली, ती काही केल्या बाहेर काढीना.

शेजारच्या खळ्यावर भाताची उफणणी चालली होती. एकच वारा; पण दाणा पायाशी पडे आणि फोल लांब उडे. मी तिला म्हटले, तुझा छर्रा या दोहोंच्या मधला. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कंबर बारीक आणि मागे परकरासारखा घेर. घेरामुळे तो सरळ जातो खरा, पण त्याच घेराला हवा अडवते आणि वेग घटतो. हवेमुळे त्याला जेवढा उशीर होतो, तेवढे वाऱ्याचे फावते. म्हणून अंतर दुप्पट झाले की भरकटणे साधारण चौपट. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे नुसती पानांची सळसळ. पण तो छर्ऱ्याला २५ मीटरांवर सुमारे दोन सेंटिमीटर सरकवतो आणि ५० मीटरांवर सात-आठ! त्यातही बंदुकीजवळचा वारा अधिक नडतो. आरंभीच तिरपी झालेली वाट पुढे फाकतच जाते.

काकांचे हे शास्त्र म्हणजे नुसती समजूत घालणे, असे तिला वाटले. तेव्हा खळ्यावरचा म्हातारा सूप खाली ठेवून म्हणाला, "पोरी, वारा आला की आम्ही उठतो. तू वारा पडला की ऊठ."

तिने बांबूच्या काठ्यांना चिंध्या बांधल्या. एक बंदुकीपाशी, एक मध्ये, एक बांधाजवळ. तिन्ही चिंध्या लोंबकळल्या की एक छर्रा, नाहीतर नुसते बसून राहायचे. तासाभरात जेमतेम दहा छर्रे सुटले; पण कागदावर पुन्हा ती वाटी दिसली. हात जागेवरच होता!

आता घरी काही बिनसले की ती आधी "वारा कुठला होता?" असे विचारते. तिची आई मात्र गणितातल्या गुणांना हे कारण अजून लागू करू देत नाही.