दुर्गदबैलची दुर्गा

दुर्गदबैलात भाजीला गेल्याशिवाय आमचा शनिवार सरत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना नाव ऐकून वाटतं, तिथे एखादा बैल उभा असेल. पण हा कन्नडमधला 'बैल', म्हणजे मोकळं मैदान. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचं मैदान. आता तिथे मैदान कसलं, पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ! भाजीचे ढीग, कापडाची दुकानं आणि संध्याकाळी गिरमिट-मिरचीभजीच्या गाड्या.

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. पावसाची भुरभुर चालली होती. माझ्या नेहमीच्या भाजीवालीच्या गाडीखाली, भिजलेल्या पोत्यावर एक पिल्लू कुडकुडत बसलं होतं. पिवळसर रंग, जेमतेम महिन्या-सव्वामहिन्याचं. आईचा पत्ता नाही. "अक्कार, तगोंड होग्री," म्हणजे ताई, घेऊन जा, असं म्हणत त्या बाईने ते उचलून माझ्यापुढे धरलं. मादी म्हणून कुणी न्यायला तयार नव्हतं. मेथीची जुडी हातात घेतली आणि पिल्लू पिशवीत ठेवून घरी आले. चौथीतल्या नातवाने लगेच बारसं केलं. दुर्गदबैलात सापडली म्हणून 'दुर्गा'.

घरात लहान जीव आला की आपल्याला एकच सुचतं, खायला घालणं. मी वाटीभर दुधात भाकरी कुस्करून दिली. तिने क्षणात वाटी चाटून पुसली. पुन्हा दिली, पुन्हा संपली. तिचं पोट टम्म फुगलं. दुसऱ्या दिवशीही तेच. "बघ, कसं बाळसं धरतंय!" असं मी कौतुकाने सांगत होते. हे मात्र म्हणाले, "पोट गोल आहे, पण पाठीचा कणा बघितलास का? हाडं हाताला लागताहेत." मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. दुर्गा कोपऱ्यात निजून राहू लागली. जंत असतील असा संशय आला, म्हणून आमच्या आजीची आठवण काढून वावडिंगाचा काढा पाजला. माझ्या लहानपणी प्रत्येक पोटदुखीवर तोच उपाय असे. चौथ्या दिवशी पहाटे तिने ओकारी केली आणि त्यात शेवयांसारखे पांढरे, लांब जंत वळवळताना दिसले. नातू रडायला लागला. "आजी, ती मरणार का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पिल्लू टॉवेलात गुंडाळलं आणि गुरांचा दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही दारात जाऊन बसलो.

डॉक्टरांनी आधी तिचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या पांढऱ्याफटक होत्या. वजन भरलं १ किलो ३०० ग्रॅम. शेण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दोन प्रकारच्या जंतांची अंडी निघाली. एक लांब गोल जंत, आपण खाऊ ते आतड्यात आयतं खाणारे. दुसरे अंकुशकृमी, आतड्याला चिकटून रक्त पिणारे. "बाई, हे फुगलेलं पोट अन्नाचं नाही, जंतांचं आहे," डॉक्टर म्हणाले.

"पण एवढ्याशा जिवाला जंत झाले कधी?" मी विचारलं. त्यांनी सांगितलेलं ऐकून मी थक्क झाले. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये झोपून राहतात. ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि पोटातल्या पिल्लांच्या अंगात शिरतात. उरलेल्या दुधातून जातात. अंकुशकृमीही दुधातून येतात. म्हणजे पिल्लू बहुधा जन्मतःच जंत घेऊन येतं. गोड खाल्ल्याने जंत होतात, हे आपण उगाच म्हणतो.

सलाईन कातडीखाली दिलं, वजनाप्रमाणे मोजून जंताचं औषध दिलं. घरातली माणसाची गोळी तोडून देऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. औषधाने आतड्यातले जंत जातात, पण अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांची होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध.

पथ्यही बदललं. गाईचं दूध बंद, कारण ते पुष्कळ पिल्लांना पचत नाही. मऊ भात आणि उकडलेलं अंडं, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. कांदा-लसणाचं काही नाही. पाणी वाटीत ठेवायचं, तोंडात ओतायचं नाही, नाहीतर फुप्फुसात जातं. ऊब हवी, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. पहिल्या रात्री मी दर दोन तासांनी उठून तिचा श्वास बघत होते.

नातवालाही नियम लागू झाले. दुर्गाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, नखं कापायची, मुके घ्यायचे नाहीत, अंगणात अनवाणी फिरायचं नाही. कुत्र्याच्या जंतांची अंडी माणसाच्या, विशेषतः मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात भटकतात, क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. पण ती अंडी बाधक व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घाण त्याच दिवशी उचलली की बरंचसं काम झालं.

आठवड्याने दुर्गाने पहिल्यांदा शेपूट हलवली. हिरड्यांवर गुलाबी छटा आली. पोट बारीक झालं आणि पाठ भरली.

वाचकहो, इथे थांबता आलं असतं. पण एक गोष्ट मनात सलते. १९९८ च्या सुमारास माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. पाय काडीसारखे, पोट पुढे आलेलं, चेहरा फिका. तो बाकावर डोकं टेकून झोपायचा. एकदा मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "घरून पोट भरून येतोस आणि इथे झोपा काढतोस!" मुलं हसली. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. त्याला जंतच होते असं मी सांगू शकत नाही. पण मी त्याला कधी विचारलंही नाही. दुर्गाच्या पांढऱ्या हिरड्या पाहिल्या त्या दिवशी मला त्याचा चेहरा आठवला.

तेव्हा शाळेत जंताच्या गोळ्या मिळत नसत. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली १० फेब्रुवारीला सुरू झाला. निवृत्तीपूर्वी मीही मुलांना ॲल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावली आहे. कुणी ती खिशात लपवी, कुणी घरी जाऊन थुंकून देई, आणि पालकही म्हणत, "आमच्या मुलाला कुठे जंत आहेत? चांगला खातो की!" मुलांनो, दुर्गाही चांगली खात होती.

आज ती दणकट झाली आहे. रेबीजची लस आणि नसबंदी, दोन्ही झालं. शनिवारी पिशवी हातात घेतली की ती दाराशी येऊन बसते. भाजीवाली अजून विचारते, "पिल्लू बरं आहे ना?" मी हो म्हणते आणि तिच्यासाठी एक अंडं जास्त घेते.