सोन्याचे घड्याळ आणि परिग्रहाची मर्यादा

जिनिव्हाच्या पाटेक फिलिप पेढीने १९४१ मध्ये ‘१५१८’ हे मनगटी घड्याळ घडविण्यास आरंभ केला. लीप वर्षही आपणहून ओळखणारी दिनदर्शिका आणि क्रोनोग्राफ एकाच तबकडीत सामावलेली ही २८१ घड्याळे बहुतांशी सोन्याची. पोलादाची केवळ चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाला २०१६ च्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमत आली. मनगटी घड्याळासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. सोने मागे राहिले, पोलाद पुढे गेले. दुर्मिळतेचा भाव काट्यावर तोलता येत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

वारशाने आलेले असे घड्याळ मोडीत घातले, तर हाती केवळ सोन्याचे मोल येते. झळाळीसाठी घासले, तर मूळ कडा झिजतात आणि संग्राहक पाठ फिरवतो. जपून ठेवावे, तर परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या श्रावकापुढे निराळाच पेच उभा राहतो: वस्तू तीच, पण तिजोरीत पडल्या पडल्या तिचे मूल्य आखलेली मर्यादा ओलांडते. मग मर्यादा वाढवावी, की घड्याळ सोडावे? व्रताचा खरा कस तिथेच लागतो. सामायिकाची ४८ मिनिटे मोजायला भिंतीवरचे साधे घड्याळही पुरते.