मुसळीचा करारनामा

शतावरी कल्प, च्यवनप्राश, अश्वगंधा चूर्ण हीं आमच्यासारख्या कुटुंबांतून नित्य येणारीं औषधें होत. त्यांतील मुळ्या कोणाच्या शेतांत पिकल्या आणि पिकविणाराच्या पदरांत काय पडलें, याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. आम्हांवर ती करण्याचा प्रसंग आला तो सन २००३ च्या ज्येष्ठांत, गांवीं आमच्या शेताला लागून असलेल्या दोन एकरांच्या एका खातेदारानें एक करारनामा आमच्यापुढें ठेवला तेव्हां. करार इंग्रजींत, खालीं त्याची सही मराठींत. "अण्णा, माल कंपनीच उचलणार म्हणत्यात, तसं यांत हाय का, येवढं बघा," असें तो म्हणाला.

पीक सफेद मुसळीचें. (या वनस्पतीच्या शास्त्रीय नांवांत आपली बोरिवली दडलेली आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.) पूर्वीं ती रानांतून खणून आणीत, त्या सुमारास तिच्या लागवडीचें वेड महाराष्ट्रांत भलतेंच पसरलें होतें. माल उचलण्याचें कलम करारांत होतें खरें. पण माल 'योग्य प्रतीचा' हवा, आणि प्रत ठरविणार कंपनी, तीहि आपल्याच गुदामांत. तंटा निघाल्यास न्यायालय परप्रांतांतील एका शहराचें. बेण्याचे पैसे मात्र आगाऊ व रोख. ते त्यानें बायकोचे दागिने गहाण टाकून भरलेहि होते.

सारी मेख या बेण्यांत होती. मुसळी सोलून वाळविली म्हणजे ओल्या वजनाचा जेमतेम पांचवा हिस्सा हातीं राहतो; तो विकण्यापेक्षां ओलें बेणें नव्या शेतकऱ्याच्या गळ्यांत मारणें अधिक किफायतीचें. नवे लागवडदार मिळेनासे झाले, तेव्हां मुळ्यांस गिऱ्हाईकच उरलें नाहीं. फाल्गुनांत आमचा शेजारी वाळलेला माल घेऊन गेला, तों कचेरीस कुलूप! ज्वारी पडून राहिली तर घरांत खातां येते. चार पोतीं मुसळीनें मुलांचें पोट कसें भरावें?

केंद्र सरकारनें सन २०२० मध्यें करारशेतीचा कायदा केला आणि २०२१ मध्यें तो मागें घेतला. त्यांतहि तंटा प्रांताधिकाऱ्यापुढें न्यावयाचा होता. दिवाणी न्यायालयाचें दार बंदच होतें. आम्हांस कायद्यापेक्षां दुसऱ्या गिऱ्हाइकाचा भरंवसा अधिक वाटतो. मध्यप्रदेशांत नीमच येथील बाजारांत अश्वगंधा, इसबगोल यांचा उघड लिलाव होतो. त्या मुलुखांतील शेतकऱ्यास एकानें नाकारलें तरी पोतें गाडींत घालून तेथें जातां येतें. आमच्या गांवापासून असा बाजार फार दूर.

गेल्या वर्षीं तोच गृहस्थ शतावरीचा करार घेऊन आला. या खेपेस मराठींत, आणि सही करण्यापूर्वीं. रोपांचे पैसे मालाच्या बिलांतून कापावे व प्रत दोघांसमक्ष त्याच्या बांधावर ठरावी, अशीं दोन कलमें आम्हीं त्याच्या सांगण्यावरून लिहून दिलीं. पहिलें कंपनीनें मान्य केलें आहे. दुसऱ्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि तोंवर त्यानें एकहि रोप लावलेलें नाहीं.