लोहगावचे क्रॉसिंग

वाट पाहण्याचे शिक्षण आम्हां बेलापूरकरांना रेल्वेने दिले. गाव प्रवरेकाठी, आणि बेलापूर नावाचे स्टेशन मात्र श्रीरामपुरात! त्यात दौंड-मनमाड मार्ग कित्येक वर्षे एकेरी. आडस्टेशनात गाडी थांबली, की "क्रॉसिंग आहे" म्हणून मंडळी दशम्या सोडीत.

परवा थोरली लेक नोकरीसाठी दिल्लीला निघाली. तिला पोचवायला पुण्याच्या लोहगावला गेलो. लोहगाव म्हणजे तुकोबांचे आजोळ. तिथून आता लेकी आभाळात जातात! दारावर शिपायाने मला अडवले. "जपून राहा" एवढेही तोंडून निघाले नाही. ती आत गेली.

निदान विमान तरी पाहावे, म्हणून बाहेर रस्त्यावर उभा राहिलो. एकाएकी कानठळ्या बसवणारा गडगडाट झाला. मी घाईघाईने हात हलवला. शेजारी उभे असलेले एक म्हातारे निवृत्त सैनिक हसले.

"अहो, ते सुखोई! तुमच्या लेकीचे विमान अजून खालीच असेल."

मग त्यांनी सगळी कुळकथा सांगितली. मुंबईचे आकाश राखण्यासाठी इंग्रजांनी 1939 साली हा तळ उभारला. महायुद्धात इथे मॉस्किटो आणि वेलिंग्टन विमाने असत. 1947 साली तळ आपल्या हवाई दलाकडे आला. 27 सप्टेंबर 2002 रोजी सुखोई-30 एमकेआय विमाने याच तळावर दलात दाखल झाली. प्रवासी विमाने इथे बिऱ्हाडकरू. 2024 साली त्यांना नवी, प्रशस्त इमारत मिळाली खरी. पण धावपट्टी एकच, सुमारे अडीच हजार मीटरांची, आणि तीही हवाई दलाची. 2021 च्या ऑक्टोबरात ती दुरुस्तीला काढली, तेव्हा पंधरवडाभर प्रवासी विमानेही बंद होती.

"म्हणजे क्रॉसिंगच की!" मी म्हणालो.

"क्रॉसिंगच. एक जातो राखायला, एक जातो कमवायला. रूळ मात्र एक."

थोड्या वेळाने एक पांढरे विमान उठले. तेच तिचे, असे मी ठरवून टाकले. या खेपेस हात हलवला नाही, नुसता जोडला.

परतताना गाडी एका स्टेशनात थांबली. डब्यातले लोक कुरकुरू लागले. इतक्यात फोन वाजला. "अण्णा, पोचले."

"जपून राहा," मी म्हणालो. समोरून दुसरी गाडी धडधडत निघून गेली.