ॲनाच्या आजीचं नाव

सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला १८६२ साली बँकॉकला गेलेल्या ॲना लिओनोवेन्सची गोष्ट जगाला माहीत आहे ती वेल्सपासून सुरू होणारी. कार्नार्व्हन गावात १८३४ साली जन्म. वडील कॅप्टन क्रॉफर्ड, त्यांना हिंदुस्थानात वीरमरण. पंधराव्या वर्षी मुलगी हिंदुस्थानात येते, एका उमद्या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करते, ऐन तारुण्यात विधवा होते आणि पोरांना वाढवण्यासाठी राजवाड्यातली नोकरी धरते. ॲनानं ही हकिकत स्वतःच सांगितली. घरच्यांनी ती खरी मानली. मार्गारेट लँडन यांनी १९४४ साली 'ॲना अँड द किंग ऑफ सयाम' हे पुस्तक लिहिलं तेही याच हकिकतीवर विसंबून. १९५१ साली त्याची संगीतिका झाली, १९५६ साली चित्रपट आला आणि यूल ब्रिनरच्या राजासमोर घेरदार झग्यात उभी असलेली गोरीपान इंग्लिश बाई कायमची लोकांच्या डोळ्यांत बसली.

कागद म्हणतात, बाई नगरची.

ॲना हॅरिएट एमा एडवर्ड्स २६ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरला जन्मली. आजचं अहिल्यानगर. वडील थॉमस एडवर्ड्स कॅप्टन तर नव्हतेच, ते कंपनी सरकारच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट होते. म्हणजे पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं ही कामं करणाऱ्या तुकडीतले. लंडनला असताना त्यांचा धंदा लाकडी कपाटं-मेजं बनवण्याचा. लेक जन्मण्याच्या सुमारे तीन महिने आधीच ते वारले. आई मेरी ॲन ग्लॅस्कॉट. तिचं लग्न १५ मार्च १८२९ रोजी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये लागलं होतं. ॲनाच्या आयुष्यातली पहिली वीस वर्षं अशी ठाणे, नगर, भायखळा, पुणे या आपल्या पायाखालच्या गावांशी बांधलेली आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो आजही ताजा आहे.

हे खोदून काढण्याची सुरुवात केली ती कोळ्यांच्या अभ्यासकानं. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे इंग्लंडमधले नामांकित कोळीतज्ज्ञ. त्यांना ॲनाचा मुलगा लुई याचं चरित्र लिहायचं होतं. हा लुई पुढं सयाममध्ये सागवानाच्या व्यापारात मोठा झाला. ब्रिस्टो त्याचा जन्मदाखला शोधायला लागले आणि लंडनच्या दप्तरात तो सापडेना. सापडणार कसा? लुई १८५६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्मला होता. मुलाचा दाखला नाही, म्हणून त्यांनी आईकडे मोर्चा वळवला आणि वेल्सची गोष्टही टिकेना. मग कंपनीच्या दप्तरात ॲना सापडली. ब्रिस्टोंचं पुस्तक १९७६ साली आलं. त्यानंतर सुझन मॉर्गन यांचं 'बॉम्बे ॲना' २००८ साली आणि आल्फ्रेड हाबेगर यांचं 'मास्क्ड' २०१४ साली प्रसिद्ध झालं. दोघांनी मिळून तिच्या कुळाची कागदपत्रं जवळजवळ पिंजून काढली आहेत.

कंपनीचं दप्तर काम कसं करायचं, हे कळलं की या शोधातली गंमत कळते. नगर, ठाणे, पुणे, डीसा अशा प्रत्येक छावणीतला पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद चर्चच्या वहीत करायचा. तिची नक्कल मुंबईला जायची आणि तिथून लंडनला कंपनीच्या कचेरीत. लंडनच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगालच्या बाडांवर एन/१, मद्रासच्या बाडांवर एन/२ आणि मुंबईच्या बाडांवर एन/३ असे क्रमांक आहेत. २०१४ पासून त्यांतल्या लाखो नोंदी संगणकावर पाहता येतात. मीही त्या तशाच पाहिल्या. रात्री घरातली कामं आटोपली की पडद्यावर १८३०च्या आसपासची पानं उघडायची आणि एकेक ओळ लावत बसायचं.

पान दिसायला साधंच. बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा, शेवटी पाद्र्याची सही. सगळं एका हाताचं, कारण ही नक्कल. एकाखाली एक माणसं येतात: गनर, सार्जंट, दारूगोळा खात्यातला कंडक्टर, ड्रमर. हुद्दा बापाचा. आडनाव बापाचं. आईच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसतं पाळण्यातलं नाव येतं, मेरी नाहीतर एलिझा. तिचं माहेर कुठलं हे शोधायचं तर तिच्या लग्नाची नोंद गाठावी लागते. ती नोंदही पुरी नसते, कारण त्या काळच्या लग्नाच्या वहीत वधूच्या आईसाठी रकानाच नव्हता. काही बाप्तिस्म्यांत आईची जागा कोरीच सोडलेली आहे. काही ठिकाणी तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय की ती 'नेटिव्ह' बाई होती. पोराचं नाव, बापाचं नाव, बापाची पलटण सगळं शाबूत; आणि ज्या बाईनं त्याला नऊ महिने पोटात वाढवलं, तिच्यावर दोन शब्दही खर्च झालेले नाहीत. मला तिथं राग येतो. कितीही पानं उलटली तरी तो कमी होत नाही.

बाप सापडणं त्या मानानं सोपं. कंपनी ज्याला पगार द्यायची त्याचा हिशेब ठेवायची. भरतीच्या कागदांत शिपायाचं वय, गाव, आधीचा धंदा आणि ज्या जहाजानं आला त्याचं नाव असतं. दरसाल पलटणीची हजेरीपत्रकं व्हायची. अधिकाऱ्यांची नावं तर 'ईस्ट इंडिया रजिस्टर' या छापील पुस्तकातच यायची. त्यामुळे ॲनाचे आजोबाही सापडतात. विल्यम व्हॉड्री ग्लॅस्कॉट, मुंबईच्या चौथ्या नेटिव्ह इन्फंट्रीतले अधिकारी, १८१० साली हिंदुस्थानात आलेले. त्यांचं लग्न १८१५च्या सुमारास झालं असावं. कुणाशी? इथं दप्तर मुकं होतं. आजीचं नाव कुठंच नाही.

मॉर्गन यांनी या मौनाचा अर्थ लावला आहे. अधिकाऱ्याची बायको युरोपियन असती तर तिचा माग कुठं ना कुठं राहिला असता. तो राहिला नाही, म्हणजे ती युरोपियन नव्हती. बहुधा इथंच जन्मलेली, मिश्र रक्ताची. पटण्यासारखं आहे. त्या काळचे नियम पाहिले की आणखीच पटतं. १७९१ साली कंपनीनं ठरवलं की आई किंवा बाप एतद्देशीय असेल अशा माणसाला मुलकी, लष्करी वा आरमारी सनदी नोकरी मिळणार नाही. १७९५ साली फौजेचं दारही बंद केलं. वाजंत्री आणि घोड्यांचे नालबंद एवढ्यांपुरती फट ठेवली. अशा राज्यात बायकोचं कूळ कागदावर आणणं म्हणजे जन्माला यायच्या मुलांच्या पोटावर पाय देणं. ग्लॅस्कॉटनं ते लिहू दिलं नसेल तर त्यामागं लाज होती की काळजी, हे कागद सांगू शकत नाही. दोन्ही असू शकतं.

ॲनाचं बालपण बराकीतलं. ती तान्ही असतानाच आईनं पॅट्रिक डोनोहो या आयरिश शिपायाशी दुसरं लग्न केलं. त्यावर नाक मुरडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: नवरा गेला की पलटणीतल्या बाईचं रेशन आणि बराकीतली जागा फार काळ टिकायची नाही. पोरीबाळी घेऊन ती जाणार कुठं? ॲना भायखळ्याला बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या मुलींच्या शाळेत शिकली. बाप वारलेल्या किंवा परागंदा झालेल्या शिपायांच्या मिश्र रक्ताच्या मुलींना ही शाळा घ्यायची. थोरली बहीण एलिझा ज्युलिया हिचं लग्न १८४५ साली डीसा छावणीत तोफखान्यातल्या सार्जंट-मेजर जेम्स मिलर्डशी झालं. ती तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. ॲनानं मात्र आपला नवरा स्वतः निवडला. थॉमस लिऑन ओवेन्स, आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातला, २८व्या पायदळाबरोबर आलेला साधा शिपाई, पुढं पगारखात्यातला कारकून. घरच्यांचा विरोध होता. तरी १८४९च्या नाताळच्या दिवशी पुण्यात लग्न लागलं. त्या नोंदीत नवऱ्याचं मधलं नाव आणि आडनाव एकत्र येऊन 'लिओनोवेन्स' झालं आणि ॲनाला तिचं जगप्रसिद्ध आडनाव पुण्यात मिळालं.

पुढचं भराभर घडलं. पहिली मुलगी सेलिना दीड वर्षाची होण्याआधीच गेली. १८५२ साली नवराबायको मुंबईहून जहाजानं निघाले आणि ऑस्ट्रेलियात पोचले. आणखी एक मूल गेलं. एव्हिस आणि लुई ही दोन तगली. मग सिंगापूर, पेनांग. १८५९च्या मे महिन्यात पेनांगला थॉमस झटक्यानं वारला. पदरी दोन मुलं, वय अठ्ठावीसच्या आत आणि हातात पैसा नाही.

तिनं जात बदलली ती इथं. सिंगापुरात तिला कुणी ओळखत नव्हतं. सार्जंटची पोर कॅप्टनची लेक झाली, कारकुनाची विधवा अधिकाऱ्याची विधवा झाली, नगरच्या जागी कार्नार्व्हन आलं. काही समीक्षक हे खोटं पकडल्याच्या थाटात लिहितात. मला ते बोचतं. ज्या समाजानं आजीचं नाव लिहू दिलं नाही, त्याच समाजात या बाईला शाळा काढून दोन मुलं जगवायची होती. खरं सांगितलं असतं तर तिला शिक्षिका म्हणून कुणी उभं केलं नसतं. सयामच्या राजा मोंगकूटच्या दरबारात तर नाहीच.

किंमत तिनं मोजली. बहिणीशी, आईशी असलेलं नातं तोडलं आणि ते पुन्हा जोडलं नाही. एलिझाची मुलगी एलिझा सेरा हिनं १८६४ साली एडवर्ड प्रॅट याच्याशी लग्न केलं. १८८७ साली त्यांना झालेला मुलगा विल्यम हेन्री प्रॅट म्हणजे 'फ्रँकेनस्टाइन' चित्रपटातला बोरिस कार्लोफ. सावळ्या वर्णाचा हा नट ॲनाच्या बहिणीचा नातू. ॲनाच्या आजीचं रक्त पडद्यावर दोनदा पोचलं, एकदा राजवाड्यातल्या गोऱ्या बाईच्या रूपात आणि एकदा राक्षसाच्या. नाव मात्र एकाही श्रेयनामावलीत नाही. ॲना स्वतः कॅनडात गेली, हॅलिफॅक्समध्ये १८८७ साली कलाशाळा उभी करण्यात पुढं होती आणि १९१५ साली माँट्रियलला वारली.

ठाण्याचं सेंट जेम्स चर्च आजही उभं आहे. १८२५ साली बिशप हेबर यांनी त्याचा अभिषेक केला. मेरी ॲन लग्नाला उभी राहिली तेव्हा इमारत जेमतेम चार वर्षांची होती. मी तिथं गेले ते त्या जागेत थोडा वेळ बसावं म्हणून. बाहेर ठाण्याची रहदारी, आत भिंतींवरच्या स्मृतिशिला. तिथं बसल्यावर मला उत्तर ठाण्यातच असेल असं वाटायला लागलं, आणि ते वाटणं निव्वळ भावनेतून आलेलं नाही. साष्टी आणि वसईच्या पट्ट्यात पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आहे. कंपनीच्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी या घरांतल्या मुलींशी संसार थाटले. अशी बाई प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या वहीत आली नसेल, तरी तिचा स्वतःचा बाप्तिस्मा तिच्या गावच्या चर्चमध्ये झालाच असणार. त्या वह्या लंडनला गेलेल्या नाहीत. त्यांतल्या जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत आणि त्यांत आईबापांबरोबर धर्माचे आईबापही लिहिलेले असतात. आजीचं नाव तिथं मिळेलच असं नाही. पण तिचं लग्न १८१५च्या सुमारास झालं असेल, तर तिचा बाप्तिस्मा त्याच्या बराच आधीचा असणार. त्या आधीच्या वर्षांच्या वह्या एकेक करून पाहायला हव्यात, आणि मी पोर्तुगीज शिकायला सुरुवात केली आहे.