काठावरची फलनं

१० जून
एम.एस्सी.च्या मुलांना द्यायचं उदाहरण आज कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा तपासलं. ई या संख्येचा घात, (झेड + १) भागिले (झेड − १). एक त्रिज्येच्या चकतीत हे फलन अगदी सभ्य: कुठेही बिघडत नाही, निरपेक्ष मूल्य १ च्या वर जात नाही. त्रिज्येवरून १ कडे सरळ निघालं, तर ०.५ पाशी मूल्य ०.०५ च्या आसपास, ०.९ पाशी घात −१९, म्हणजे दशांशचिन्हापुढे आठ शून्यं. लिमिट शून्य, वादच नाही. आता ० आणि १ मधून जाणारं, १/२ केंद्राचं छोटं वर्तुळ घ्यायचं आणि त्याच्यावरून त्याच १ पाशी पोचायचं. निरपेक्ष मूल्य सुरुवातीला ०.३६८, मध्यावर ०.३६८, अगदी टोकाशीही ०.३६८. दिशा तेवढी गरगर फिरत राहते. ठिकाण एकच, पण वाट बदलली की उत्तर बदलतं.

११ जून
मुलांचा प्रश्न अपेक्षितच होता: मग फातू खोटा? नाही. फातूचं १९०६ चं प्रमेय म्हणतं की चकतीतल्या बद्ध वैश्लेषिक फलनाला परिघावर जवळजवळ सर्वत्र लिमिट मिळतं. एकतर 'जवळजवळ सर्वत्र' लेबेगच्या अर्थाने आहे, एखादा बिंदू वगळला गेला तर तक्रार नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: काठाशी पोचताना त्या बिंदूपाशी शिरोबिंदू असलेल्या एखाद्या कोनाच्या आत राहावं लागतं. कालचं छोटं वर्तुळ परिघाला स्पर्श करत येतं, ते अशा कुठल्याच कोनात मावत नाही.

गंमत म्हणजे इंटिग्रेशनच्या पेपरासाठी पोरं ज्याचं लेमा घोकतात, तो हा फातू पॅरिसच्या वेधशाळेत नोकरीला होता. लेबेगचा प्रबंध १९०२ चा. नवं हत्यार हाती आल्यावर चार वर्षांत त्याने ते असं चालवलं.

१४ जून
बद्धतेची अट काढली की काय होतं? झेड, त्याचा वर्ग, चौथा घात, आठवा घात… यांची बेरीज. १ कडे जाताना ती अनंत होते. झेडच्या जागी त्याचा वर्ग ठेवला तर फक्त पहिलं पद गळतं. म्हणून −१ पाशीही अनंत, मग आय आणि −आय पाशी, मग आठव्या मुळांशी. सगळा परीघ अशा बिंदूंनी खच्चून भरलेला. या फलनाला चकतीबाहेर नेताच येत नाही.

१७ जून
बागेमीलचं १९५५ चं प्रमेय. काठावरच्या एखाद्या बिंदूकडे दोन वाटा अशा जाव्यात की एकीवर जमणारी मूल्यं दुसरीवर जमतच नाहीत, तर तो बिंदू संदिग्ध. (१० तारखेच्या फलनात १ हा असाच.) प्रमेय सांगतं: चकतीवर कुठलंही फलन घ्या, संदिग्ध बिंदू फार तर गणनीयच. कुठलंही! वैश्लेषिक नको, संतत नको, बद्धही नको. सिद्धतेचा गाभा निव्वळ टोपॉलॉजीचा. संदिग्ध बिंदू अगणित असते, तर त्यांतल्या अगणित बिंदूंसाठी मूल्यांचे तेच दोन विभक्त गट निवडता आले असते. मग एकाची पहिली वाट दुसऱ्याच्या दुसऱ्या वाटेला छेदू शकत नाही, आणि प्रतलात अशा जोड्या अगणित मावत नाहीत.

पुढच्या सत्रात हे फातूच्या आधी शिकवणार. त्याला ना लेबेग लागतो, ना कोशी; गणनीय म्हणजे काय आणि दोन वक्रांना एकमेकांना छेदावंच लागतं ते कधी, एवढं पुरतं.