घाटाआधीचं ब्रेक ऑईल

खानदेशात ब्रेकची परीक्षा सहसा होत नाही. जळगावहून धुळ्याला निघा: एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. नव्वद-एक किलोमीटर, आणि उतार म्हणावा असा उतार नाही. एखादी म्हैस, एखादा गतिरोधक, टोलनाका, एवढ्यापुरता पाय ब्रेकवर जातो. पण तापीचं खोरं ही परात आहे. मधे सपाट आणि काठ उभे. चाळीसगावच्या वर कन्नडचा घाट, फर्दापूरच्या वर अजिंठ्याचा, धुळ्याच्या दक्षिणेला लळिंग, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यातला बिजासन. हे सगळे घरी परतताना उतरायचे घाट. माणसं दमलेली, डिकी भरलेली, घर जवळ आल्याची घाई, आणि नेमका तेव्हाच ब्रेकवर सगळा भार. कोंडाईबारी तेवढी उलटी, ती सुरतेकडे जाताना उतरते.

*

हा भार पेलणारं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पितं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून, हळूहळू. मे महिन्यात भुसावळची हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून आपल्याकडे हा प्रश्नच नाही असं सांगणारे भेटतात. पाऊस त्यांच्या हिशोबात नसतो. श्रावणभर गाडी दारात उभी असते आणि ओली हवा आपलं काम करत राहते.

*

आकडे एकदा नीट लिहून ठेवतो. ब्रेक ऑईलची प्रत डॉटच्या आकड्याने सांगतात. नवं कोरडं डॉट-३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, डॉट-४ निदान २३० पर्यंत. हा मानकाने ठरवलेला किमान आकडा. पाणी साधारण ३.७ टक्के मुरलं की त्याच मानकात डॉट-३ चा आकडा १४० वर येतो, डॉट-४ चा १५५ वर. डॉट-५.१ कोरडं २६०, ओलं १८०.

आता घाट. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते. ती उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑईलला पोचते. ऑईल उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकची सगळी यंत्रणा द्रव दाबला जात नाही या एका गोष्टीवर उभी आहे. पेडल मऊ लागतं, मग सरळ खाली जातं.

*

यातली सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच. गाडी बाजूला लावली, अर्धा तास गेला, ऑईल गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल कडक लागतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला तपासतो तर सगळं ठाकठीक. 'साहेब, ब्रेक तर एकदम ओके आहे.' तो खोटं बोलत नसतो. त्याचं गॅरेज सपाटीवर आहे.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे: आपल्या भागात ब्रेक ऑईल पायाला काय लागतं त्यावरून बदलू नये, तारखेवरून बदलावं. बहुतेक कंपन्यांची पुस्तिका दोन वर्षं म्हणते. पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली असते. ती काढून वाचायला हरकत नाही.

*

४ जुलै २०२३. शिरपूर तालुक्यातलं पळासनेर. मध्य प्रदेशाकडून येणारा मालाचा ट्रक समोरच्या गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं बातम्यांत आलं. त्यानंतर कितीतरी जण आपल्या मोटारीचं ऑईल बघायला लागले, ते बरंच झालं. पण एवढ्या मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यात हे ऑईल नसतं. दुखणं निराळं. सारखं मात्र एकच, उतारावर साठत जाणारी उष्णता. ट्रक असो की मोटार, ज्या गिअरमध्ये घाट चढता आला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम दोघांनाही लागू.

त्याच वर्षी औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून कन्नड घाटात जड वाहनांना बंदी आली. छोट्या गाड्यांना घाट मोकळा झाला, आणि मोकळा म्हणून लोक जास्त सुटतात.

*

डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे. जे इंजिनही बंद करतात त्यांना एवढंच सांगतो की दोन-तीनदा ब्रेक मारलात की पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल दगड होईल. मग ऑईल नवं असलं काय आणि जुनं असलं काय.

*

ऑईल बदलायचं सामान. न उघडलेला डबा, तोही या वर्षातला. मोटारीला साधारण लिटरभर धरून चालावं, थोडं उरलं तरी चालेल. दुकानात कुणी 'गर्लिंगचं द्या' म्हणतात, कुणी बॉशचं; झाकणावर जो डॉट लिहिला आहे तोच घ्यायचा, नावाला महत्त्व नाही. चाकापाशी जुनं ऑईल सोडायचं जे निपल असतं त्याला बसणारा रिंग पाना. साधा दोन तोंडी पाना घेतला की गंजलेल्या निपलचे कोपरे गोल होतात आणि मग दिवस वाया. पन्नास मिलीची सिरिंज. जॅक, शिवाय स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. आणि नळी.

नळीचं आपल्याकडे गमतीचं आहे. जळगाव ठिबकचं गाव, दर घरी नळीचे तुकडे पडलेले. पण ती नळी काळी. बुडबुडे दिसत नाहीत, म्हणजे काम आंधळं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, बारीक मापाची मागायची.

*

डॉट-३ आणि डॉट-४ एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. डॉट-५.१ सुद्धा त्याच घरातलं. नुसतं डॉट-५ मात्र सिलिकॉनचं, ते पूर्ण वेगळं आणि या कुणातही मिसळायचं नाही. असले आकडे ज्याने ठरवले त्याला एकदा भेटायला हवं.

इंजिन ऑईल, पॉवर स्टिअरिंगचं ऑईल, डिझेल, रॉकेल, यांचा थेंबही नको. खनिज तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात आणि मग पेडलला जोडलेल्या मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं. इंजिन ऑईलचं नरसाळं पुसून वापरणारे असतात. पुसल्याने ते जात नाही. कॅलिपर पेट्रोलने धुण्याची सवयही अशीच जुनी आणि अशीच वाईट.

*

सुरुवातीच्या काळात ब्रेक ऑईलमध्ये चक्क एरंडेल होतं. माल्कम लॉकहीडने पाण्यासारख्या द्रवाने दाब चाकांपर्यंत नेण्याची युक्ती काढली. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत ती चारही चाकांना आली. त्या काळच्या ब्रेकमध्ये एरंडीचं तेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण भरत, कारण एरंडेलाने नैसर्गिक रबर फुगत नाही. बांधावरच्या एरंडाला एवढा मान मिळाल्याचं आमच्या शेतकऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

*

प्रत्यक्ष काम दोघांचं. पुतण्या पेडलवर, मी चाकाशी. शेजारचे नाना, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त, खुर्ची टाकून देखरेखीला. नानांचं सगळं अहिराणीत.

आधी सिरिंजने टाकीतलं जुनं ऑईल काढून नवं भरायचं, नाहीतर तीच घाण सगळ्या पायपांतून फिरवत बसायची. मग मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबचं चाक पहिलं. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत पायपांची जोडणी तिरकी असते, त्यांचा क्रम पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो. तिथे पुस्तिका खरी.

नळीचं एक तोंड निपलवर, दुसरं बाटलीत थोड्या नव्या ऑईलमध्ये बुडालेलं.

'दाब.'

'दाबलं काका.'

'दाबी धर भो, सोडू नको,' हे नाना.

पाना पाव फेरा. नळीतून तपकिरी ऑईल सरकतं, त्यामागे दोन-तीन बुडबुडे, मग तळाचा काळपट गाळ. पेडल खाली जात असतानाच पाना घट्ट. मग 'सोड.' निपल उघडं असताना पोराने पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या चाकाचं पहिल्यापासून. म्हणून मोबाईल त्याच्या खिशातून आधी काढून घेतलेला.

*

पेडल पार तळापर्यंत दाबायचं नाही. मास्टर सिलेंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंजाची खरखर असू शकते आणि वॉशर फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की प्रश्न मिटला. ही नानांची युक्ती, कुठल्या पुस्तिकेत मी वाचली नाही.

*

टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ. एबीएस असलेल्या गाडीत हवा मॉड्युलेटरमध्ये शिरली तर ती पायाने निघत नाही, स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो आणि गाडी टो करून न्यावी लागते. दर चार-पाच दाबांनंतर टाकीकडे बघणं हे नानांचं काम. त्यांना ते काम कमी दर्जाचं वाटतं.

*

ऑईल सांडलं तर पाणी ओतायचं, भरपूर, लगेच. पुसायचं नाही. हे ऑईल रंग खातं, आणि फडक्याने पुसलं की डाग जिथे नव्हता तिथेही पोचतो. बॉनेटखालच्या पट्टीवर रंग उडालेला चट्टा दिसला तर समजावं, इथे कुणीतरी ब्रेक ऑईल भरलं होतं.

*

ऑईलच्या रंगावरून पारख करतात, त्याला फार अर्थ नाही. पाणी रंगहीन असतं. पिवळसर दिसणाऱ्या ऑईलमध्येही ते भरपूर असू शकतं. काळेपणा रबराचा आणि गंजाचा. पेनासारखी टेस्टर मिळतात, दिवा लागतो हिरवा-लाल. ती ऑईलमधून वीज किती वाहते ते मोजून पाण्याचा अंदाज बांधतात, आणि तेही टाकीतल्या ऑईलचा. तापतं ते कॅलिपरमधलं.

*

काढलेलं ऑईल पाण्याच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही. विषारी आहे आणि घरात पोरं आहेत. गटारीतही नाही. जळक्या इंजिन ऑईलच्या ड्रममध्येही ओतायचं नाही, दोन्ही वेगळ्या जातीची. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून वेगळं ठेवायचं आणि गॅरेजवाल्याला तसं सांगून द्यायचं. उरलेलं नवं ऑईल पुढच्या खेपेला वापरू नये. एकदा झाकण उघडलं की डब्यातलं ऑईलही पाणी प्यायला लागतं. दोनशे रुपयांसाठी जीव हळहळतो, पण हळहळू द्यावा.

*

शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरायचं. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरची रबरं गेली आहेत. गाडी बाहेर काढायची नाही. चारही निपलांवर रबरी टोप्या बसवायच्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गंजतात. मग गल्लीत, पहिल्या गिअरमध्ये. मग एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर, रविवारी. घाट त्यानंतर.

धुळ्याच्या भावाकडे जुनी जीप आहे, तिचा क्लचही याच ऑईलवर चालतो. तिथे पाचवं निपल, गिअरबॉक्सच्या बाजूला, हात जेमतेम जातो. भाऊ म्हणतो दिवाळीनंतर बघू. नानांनी त्याला फोन करून अहिराणीत जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तारीख ठरली.